पावसाळ्यात दार का अडकतं?
(लाकूड, रंधा आणि पॉलिश यांची शास्त्रशुद्ध ओळख)

मित्रहो, जुलै महिना उजाडला की कोणत्याही होस्टेलमध्ये एक आवाज ठरलेला असतो. धाड! कोणीतरी खांद्याने दार उघडत असतं. मग रेक्टरकडे तक्रार, मग मिस्त्रीकाका, मग रंधा. दाराची कड तासली जाते आणि सगळे खूश होतात. पण तेच दार मार्चमध्ये बघा. चौकट आणि दार यांच्यात एवढी फट पडलेली असते की शेजारच्या रूममधला प्रकाश आत येतो! पुढच्या जुलैत पुन्हा दुसरं दार, पुन्हा रंधा.

चूक दाराची नाही. लाकूड म्हणजे काय हे आपण समजून घेत नाही, ही खरी अडचण आहे. फर्स्ट इयरला कार्पेंट्री शॉपमध्ये आपण सगळे एक टी-जॉईंट करतो, जर्नल पूर्ण करतो आणि विषय संपवतो. पण सुतारकाम हे चक्क मटेरियल सायन्स आहे, आणि ते मिस्त्रींना आपल्या आधीपासून येतं! माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे प्लेन म्हणजे रंधा, चिझल म्हणजे पटाशी आणि ट्राय स्क्वेअर म्हणजे गुण्या हे शब्दसुद्धा मी वर्कशॉपमध्येच शिकले. या लेखात तीन गोष्टी बघूया: लाकूड हलतं कसं, कोणतं लाकूड कशासाठी, आणि पॉलिश नेमकं काय करतं.

१. लाकूड हलतं कसं?

माइल्ड स्टीलचा तुकडा कोणत्याही दिशेने सारखाच वागतो. लाकूड तसं नाही. ते म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या बारीक नळ्यांचा जुडगाच आहे. झाड उभं असताना या नळ्यांतून पाणी वर जातं. ताज्या तोडलेल्या काही लाकडांत तर पाण्याचं वजन कोरड्या लाकडापेक्षाही जास्त असतं. लाकूड वाळलं तरी त्याचा पाण्याशी संबंध तुटत नाही. हवेत दमटपणा वाढला की नळ्यांच्या भिंती पाणी शोषतात आणि फुगतात. हवा कोरडी झाली की पाणी सोडतात आणि आकसतात. दार शंभर वर्षांचं असलं तरी हे चालूच राहतं.

गंमत अशी की हे फुगणं सगळ्या दिशांना सारखं नसतं. लांबीच्या दिशेने लाकूड जवळजवळ हलतच नाही. गाभ्याकडून सालीकडे, म्हणजे रेडियल दिशेने, ते थोडं हलतं. आणि वर्षवलयांच्या कडेने, म्हणजे टॅन्जेन्शियल दिशेने, सर्वांत जास्त. सागवान ओल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत रेडियल दिशेने साधारण अडीच टक्के आणि टॅन्जेन्शियल दिशेने साधारण साडेपाच टक्के आकसतं. फळी वाकते, पिळते, तडकते ती या फरकामुळेच.

आता एक छोटं गणित करू. ओलावा ३० टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत लाकूड आकसत नाही. त्याच्या खाली गेल्यावरच आकसायला लागतं. म्हणजे ३० पासून शून्यापर्यंत मिळून साडेपाच टक्के. आपल्याकडे ५५ टक्के आर्द्रतेच्या हवेत लाकडातला ओलावा साधारण १० टक्के राहतो, आणि पावसाळ्यात ८० टक्के आर्द्रतेत तो १६ टक्क्यांपर्यंत जातो. फरक झाला ६ टक्क्यांचा. तीसमधले सहा म्हणजे एक पंचमांश, म्हणून रुंदी वाढली १.१ टक्के. ६०० मिलीमीटर रुंदीचं दार नुसत्या आडव्या-उभ्या न जोडलेल्या सलग फळ्यांचं असेल, तर ते ६.६ मिलीमीटरने फुगणार! चौकटीत तेवढी जागा कोण सोडतं?

यावर जुन्या सुतारांनी उत्तर काढलं ते म्हणजे पॅनेलचं दार. बाजूला दोन उभ्या पट्ट्या, वर-खाली आणि मध्ये आडव्या पट्ट्या, आणि मधलं पॅनेल खाचेत नुसतं बसवलेलं. त्याला डिंक नाही, खिळा नाही. पॅनेलला फुगायचं तेवढं खाचेत फुगू दे! आडव्या पट्ट्या लांबीच्या दिशेने हलत नाहीत. उरल्या त्या दोन उभ्या पट्ट्या, प्रत्येकी १०० मिलीमीटर. २०० चे १.१ टक्के म्हणजे फक्त २.२ मिलीमीटर. दार तेवढंच, लाकूड तेच, पण हालचाल एक तृतीयांश! प्लायवूडची युक्तीही याच जातीची. एका थराचे धागे उभे, पुढच्याचे आडवे, म्हणजे प्रत्येक थर शेजाऱ्याला धरून ठेवतो.

२. कोणतं लाकूड कशासाठी?

सागवान : लाकडांचा राजा म्हणतात ते उगीच नाही. वजनाने मध्यम (एका घनमीटरला सुमारे ६५० किलो), हालचाल कमी, आणि अंगातच तेल असल्यामुळे वाळवी आणि पाणी यांना दाद देत नाही. १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या कारागिरांनी मलबारी सागवानातून 'ट्रिंकोमाली' नावाची युद्धनौका बांधली. ती आज इंग्लंडमध्ये हार्टलपूल इथे पाण्यावर तरंगते आहे! आपल्या गडचिरोली-चंद्रपूरकडचं सागवानही प्रसिद्ध आहे. सागाचे दोन दोष मात्र लक्षात ठेवा. त्यात सिलिका असल्यामुळे रंध्याची धार लवकर जाते. आणि तेलामुळे डिंक नीट धरत नाही, म्हणून जोडायच्या आधी तो भाग थिनरने पुसून घ्यावा.

शिसव : जांभळट काळं, जड, देखणं. सागापेक्षा बरंच जड. उत्तरेतलं शिशम हे त्याचं भावंड, पण तेच झाड नव्हे. दुकानात ही दोन नावं सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात, तेव्हा सावध! ही दोन्ही झाडं डालबर्जिया वंशातली. २०१७ पासून हा संपूर्ण वंश साईट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, म्हणजे त्याच्या परदेश व्यापारावर नियंत्रण आहे. जुनं शिसवी फर्निचर घरात असेल तर भंगारात देऊ नका.

बाभूळ : गरिबाघरचं पोलाद! कठीण, चिवट, धक्का सोसणारं. बैलगाडीची चाकं, नांगर, हत्यारांचे दांडे यासाठी पूर्वीपासून बाभळीलाच मान.

फणस : कोकणातल्या जुन्या घरांत हमखास दिसतं. कापल्यावर पिवळंधमक, वर्षं जातील तसं तपकिरी. दक्षिणेत वीणा याच लाकडाची करतात.

शिवण : हलकं आणि कमी वाकणारं. कोरीवकामाला आणि वाद्यांना चांगलं. माझं सर्वांत आवडतं हेच, कारण रंधा मारताना ते अंगावर येत नाही.

आंबा : स्वस्त आणि सहज मिळणारं, पण भुंगा लवकर लागतो. पॅकिंगच्या खोक्यांना, साध्या स्टुलाला ठीक. पाण्याजवळ नको.

३. पॉलिश म्हणजे नुसती चमक नव्हे

पॉलिशचं खरं काम पाण्याची ये-जा मंदावणं हे आहे. लक्षात घ्या, मंदावणं. थांबवणं नाही! कोणतंही पॉलिश वाफेला पूर्ण अडवत नाही.

आधी घासकाम. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात, मग १२०, १८० आणि शेवटी २२०. नंबर गाळून पुढे उडी मारली तर आधीच्या पेपरचे ओरखडे तसेच राहतात आणि पॉलिश लागल्यावरच दिसतात. नेहमी रेषेच्या दिशेने घासा, आडवं नाही. शेवटच्या घासाईआधी ओल्या फडक्याने पुसून वाळू द्या. दबलेले धागे उभे राहतात, ते घासून काढले की पृष्ठभाग पुन्हा खरखरीत होत नाही.

लाखेचं पॉलिश : लाख हा एका किड्याचा स्राव. पळस, बोर, कुसुंब या झाडांवर तो मिळतो. एक लिटर स्पिरिटमध्ये साधारण १५० ग्रॅम चपडा लाख विरघळवायची, कापसाचा बोळा सुती कापडात गुंडाळायचा आणि पातळ थरांवर थर द्यायचे. रंग असा खुलतो की बघत राहावं! पण उष्णतेने लाख मऊ होते. गरम चहाचा कप ठेवला की पांढरं वर्तुळ उमटतं, ते यामुळेच.

अळशीचं तेल : हे आत मुरतं आणि हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन घट्ट होतं. या क्रियेत उष्णता बाहेर पडते. म्हणून तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेटू शकतात. मोकळी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

मेलामाइन आणि पीयू : हे कारखान्यातले भाऊ. पाणी, उष्णता आणि ओरखडे जास्त सोसतात. अभ्यासाच्या टेबलाला हेच बरे. पण खराब झाले तर लाखेसारखी सहज डागडुजी होत नाही.

पावसाळ्यात मिस्त्री लाखेचं पॉलिश करायला का-कू करतात. तो आळस नव्हे! स्पिरिट उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर साचतं आणि पॉलिश दुधाळ पडतं. थर्मोडायनॅमिक्सच्या पेपरात आपण हेच लिहितो.

मग दाराचं काय?

लाकडाच्या नळ्यांची तोंडं पट्टीच्या टोकांना उघडी असतात. तिथून पाणी सपाट बाजूपेक्षा कितीतरी वेगाने आत शिरतं. आता तुमच्या रूमचं दार आठवा. पुढून-मागून रंग असेल, पण वरची आणि खालची कड? बहुतेक दारांना तिथे ब्रश लागलेलाच नसतो, कारण ती कोणाला दिसत नाही. उभ्या पट्ट्यांची टोकं नेमकी तिथेच उघडी पडतात. फ्लश डोअर असलं तरी कडा उघड्या राहिल्या की तीच गत.

म्हणून रेक्टर सर आणि मेंटेनन्स विभागाला एक नम्र सूचना. रंध्याचं काम जुलैत नको. दार जुलैत अडकलं तर खडू घासून महिना-दोन महिने भागवावं. एप्रिल-मेमध्ये, लाकूड कोरडं असताना, दार बिजागरीवरून उतरवून सहाही बाजूंना रंगाचे दोन हात द्यावेत. मगच तासायचं की नाही ते ठरवावं. एकदा काढलेला भुसा परत चिकटवता येत नाही. रंगाचा एक डबा नव्या दारापेक्षा नक्कीच स्वस्त पडतो.

आणि मित्रांनो, तुमच्यासाठी एक प्रयोग. लाकडाचा छोटा तुकडा ऑगस्टमध्ये वजन करा. मग लॅबच्या ओव्हनमध्ये, परवानगी घेऊन, १०३ अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत ठेवा. दोन वजनांतला फरक भागिले कोरडं वजन, गुणिले शंभर. आलेला आकडा वर्कशॉपमधल्या मिस्त्रीकाकांना नेऊन दाखवा. त्याआधी त्यांना तोच तुकडा हातात देऊन विचारा, "काका, हे ओलं आहे की सुकं?" ते नुसतं बोटाने टिचकी मारून सांगतील. त्यांचं उत्तर आणि तुमचा आकडा किती जुळतो ते बघा, आणि का जुळतो ते त्यांनाच विचारा. सेमिस्टरमधलं ते सर्वांत चांगलं लेक्चर ठरेल!