घडी, सुरकुती आणि मुरड

१. शब्दाआधी त्याचं क्रियापद ऐकावं. घडी घालतात, निऱ्या काढतात. सुरकुती मात्र आपोआप पडते. कपाळावरची आठी पडतेही आणि मुद्दाम घालताही येते. कोणती कुठली, हे समोरच्याला लगेच कळतं.

२. नवी साडी पहिल्यांदा नेसणं म्हणजे घडी मोडणं. आमच्या घरी हा मान आवडत्या माणसाला देतात: "तू मोड घडी, मग मी नेसते." मला ही रीत फार प्रिय आहे. कोरी साडी आधी दुसरीच्या अंगाला लागू द्यायची, याला मोठं मन लागतं.

३. पैठणीची घडी मात्र वरचेवर मोडावी, सण असो वा नसो. अस्सल जर म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार, रेशमी धाग्याभोवती गुंडाळलेली. त्याच त्या रेघेवर दुमडत राहिलं की तार पिचते आणि मागोमाग रेशीम चिरतं. काठावरून बोट फिरवून पाहावं. जिथे खरखर लागते तिथे सुरुवात झालेली असते. दर तीन-चार महिन्यांनी साडी उलगडावी, सावलीत वारा द्यावा आणि जुन्या रेघेपासून चार बोटं सरकून नवी घडी घालावी. मऊ सुती कापडात गुंडाळावी, वर जड साड्यांचा ढीग नको. डांबराच्या गोळ्या जरीला टेकू देऊ नयेत, ती काळवंडते. नऊवारी म्हणजे ८ मीटरहून जास्त कापड, त्यामुळे घडीला दोघी हव्यातच.

४. 'घडीभर थांब' मधली घडी निराळी. ती संस्कृत 'घटिके'वरून आली, २४ मिनिटांची. तळाला भोक असलेलं घटिकापात्र पाण्यात भरून बुडालं की एक घटिका झाली.

५. घडीच्या पोळीत तेलाइतकंच पिठाच्या भुरभुरीला महत्त्व. तेल, पीठ, अर्धी घडी. पुन्हा तेल, पीठ, चौपदरी घडी. कडा दाबून लाटली तर पदर चिकटतात, हलक्या हाताने लाटली तर तव्यावर सुटतात. साडीलाही पदर, पोळीलाही पदर. हे मराठीतच ऐकावं.

६. मुरड शिकायला वेळ द्यावा. गौरी निघतात त्या दिवशी आमच्याकडे मुरडीचे कानवले करतात, त्यांनी मुरडून पुन्हा यावं म्हणून. पारीची कड चिमटीत धरायची, किंचित दाबून आत वळवायची, लगेच पुढची चिमूट. मुरड सैल राहिली तर सारण तेलात उतरतं.