एक्स्टर्नल हार्ड डिस्क: धंद्याचा डेटा कसा सांभाळायचा?



उद्या सकाळी तुमचा कॉम्प्युटर सुरूच झाला नाही, तर काय काय जाईल? टॅलीचा डेटा, बिलं, गिऱ्हाइकांचे नंबर, मालाचे फोटो. नवा कॉम्प्युटर एम. जी. रोडवर मिळेल, पण तुमची उधारीची यादी कुठल्याच दुकानात मिळणार नाही.

शिवाय कायदाही आहे. जीएसटी नोंदणी असेल, तर हिशेब वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळावे लागतात.

आधी एक गैरसमज काढू

फाइल हार्ड डिस्कवर टाकली आणि कॉम्प्युटरवरून डिलीट केली, तर तो बॅकअप नाही. फक्त जागा बदलली. एकच फाइल दोन वेगळ्या ठिकाणी असेल, तरच बॅकअप.

कोणती घ्यायची?

- एचडीडी: आत तबकडी फिरते. स्वस्त, पण चालू असताना पडली तर खराब होऊ शकते. टेबलावर ठेवून बॅकअप घ्यायला उत्तम.
- एसएसडी: वेगवान, धक्का सोसते, पण महाग. रोज पिशवीतून न्यायची असेल तर ही.
- साइज: फक्त हिशेब आणि फोटो असतील, तर १ टीबी बहुतेकांना पुरते. कॉम्प्युटरवर ती साधारण ९३१ जीबी दिसते. घाबरू नका, तो मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे.

पक्कं बिल घ्या, वॉरंटी तपासा. पण लक्षात ठेवा, वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, डेटा नाही.

सेट कशी करायची?

१. डिस्क यूएसबी ३.० पोर्टला लावा. बऱ्याच कॉम्प्युटरवर तो आतून निळा असतो.

२. प्रॉपर्टीजमध्ये फॉरमॅट पाहा. फक्त विंडोज वापरत असाल तर एनटीएफएस, मॅकही असेल तर एक्सफॅट. एफएटी३२ वर ४ जीबीची किंवा त्याहून मोठी फाइल बसत नाही. फॉरमॅट केल्यावर सगळं पुसलं जातं, म्हणून हे पहिल्याच दिवशी करा.

३. बिलं, फोटो, टॅली असे फोल्डर करा. टॅलीप्राइममध्ये ऑल्ट + वाय दाबून 'बॅकअप' निवडा आणि डिस्कवरचा फोल्डर दाखवा.

४. काम झालं की 'इजेक्ट' करून डिस्क काढून ठेवा. कायम जोडून ठेवू नका. २०१७ च्या वॉनाक्राय व्हायरसने जोडलेल्या ड्राइव्हवरच्या फाइलीसुद्धा लॉक केल्या होत्या.

ठेवायची कुठे?

नाशिककरांना हे वेगळं सांगायला नको. २०१६ आणि २०१९ मध्ये गोदावरीला पूर आला, तेव्हा सराफ बाजारातल्या दुकानांत पाणी शिरलं होतं. कॉम्प्युटर आणि डिस्क एकाच कपाटात असतील, तर दोन्ही एकदमच जातील. धंदा घरून असेल, तर डिस्क भावाकडे किंवा बहिणीकडे ठेवा. जमलं तर दोन डिस्क घ्या: एक घरी, एक बाहेर, आणि दर महिन्याला अदलाबदल.

आजचा गृहपाठ

बॅकअपमधलं एक जुनं बिल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. उघडलं, तर तुमचा बॅकअप खरा. मग आठवड्याचा एक वार ठरवा, आणि दुकानाचं शटर लावतो तितक्याच सवयीने त्या दिवशी बॅकअप घ्या.