आधी मोजा, मग ठरवा

मल्लखांब हा आपला जुना खेळ. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळी बाळंभटदादा देवधरांनी तो पुन्हा नावारूपाला आणला. तेव्हा पैलवान गडी तो खेळत. आज लहान मुलीही एरंडेल लावलेल्या खांबावर सरसर चढतात.

एका आखाड्यात दहा वर्षांची एक मुलगी शिकत होती. एके दिवशी तिची आई बघायला आली. मुलीने खांबाला पायांची अढी घातली. डोके खाली केले. मग वर आली. मिनिटभराने खाली उतरली. आईने तिला जवळ घेतले. पोरीची छाती धडधडत होती.

"वस्ताद, हिचं काळीज फुटंल की! उद्यापासून नाही धाडत मी हिला."

वस्ताद म्हणाले, "ताई, आधी मोजा, मग ठरवा. आता तुम्हांला आकडे येतात ना?"

भिंतीवर घड्याळ होते. आईने मुलीच्या छातीवर हात ठेवला. १५ सेकंदांत ४० ठोके पडले. तिने पाटीवर मांडले : ४० चोक १६०. म्हणजे मिनिटाला १६० ठोके.

"बाई गं! एवढे?"

"खांबावर सगळं अंग राबतं. राबणाऱ्या अंगाला जादा रक्त लागतं. मुलांचं हृदय लहान. एका ठोक्याला थोडंच रक्त ढकलतं. म्हणून ते भरभर चालतं. आता तिला सावकाश फिरू द्या."

पाच मिनिटांनी आईने पुन्हा मोजले. २५ ठोके. २५ चोक १००. आईचा जीव भांड्यात पडला.

तोच मुलगी हळूच म्हणाली, "परवा खाली उतरल्यावर मला घेरी आली होती. वस्ताद काढून टाकतील म्हणून बोलले नाही."

वस्तादांनी विचारले, "खांबावर श्वास कोंडला होतास?"

"होय."

"श्वास कोंडून जोर लावला की रक्ताचा दाब चढतो. मग तो एकदम उतरतो, आणि घेरी येते. पण कारण तेच, हे मी कसं सांगू? ते डॉक्टरच सांगतील. तोवर खांब बंद. आणि पोरी, खरं सांगणाऱ्याला मी कधी काढत नाही."

डॉक्टरांनी तपासले. हृदय ठीक होते. मुलगी पुन्हा खांबावर चढली. आता आई पाटी घेऊन येते.

ध्यानात ठेवा

१. आधी हलका व्यायाम करावा. शेवटी एकदम बसू नये, सावकाश फिरावे.
२. जोर लावताना श्वास कोंडू नये.
३. अंगात ताप असताना मुलांना आखाड्यात धाडू नये.
४. खेळताना छातीत दुखले किंवा शुद्ध हरपली, तर खेळ लगेच थांबवावा. डॉक्टरांना दाखवावे.
५. घरातले कोणी तरुणपणी अचानक हृदयविकाराने गेले असेल, तर डॉक्टरांना तेही सांगावे.

सांगा पाहू

१. १५ सेकंदांत ३० ठोके पडले. मिनिटाला किती?
२. मुलीने घेरीची गोष्ट का लपवली?
३. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला बोटे ठेवा. आपली नाडी मोजा आणि वहीत लिहा.