टायमिंग बेल्ट बदलल्यानंतर एंजिनाचा आवाज कसा ओळखावा

आंब्याच्या हंगामापूर्वीं मोटारीचा जुना टायमिंग बेल्ट बदलून घेणें शहाणपणाचें होय. परंतु त्यानंतर एंजिन नवाच आवाज करूं लागल्यास, "पट्टा नवा आहे, बसेल हळूहळू," अशा समजुतीनें पेट्या भरून फोंडाघाट चढूं नये. दाजीपूरच्या रानांत एंजिन बंद पडलें तर माल खोळंबतो. आणि उतारावर बंद पडलें तर पुष्कळ मोटारींचा ब्रेकही जड होतो. निदान घाटाच्या पायथ्याशींच करावें.

भातगिरणीचा सपाट पट्टा थोडा घसरला तरी निभावतें. हा रबरी पट्टा मात्र दांतेरी असतो, कारण त्यानें तिळभरही घसरावयाचें नसतें. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टचा एक फेरा व्हावा, आणि झडपा वेळेवर उघडाव्या व मिटाव्या, हें त्याचें काम. मारुति ८०० व ओम्नी यांचें उत्पादन अनुक्रमें २०१४ व २०१९ सालीं थांबलें, तरी आपल्याकडे त्या अद्याप धांवतात. त्यांत असाच पट्टा असतो. कित्येक मोटारींत पट्ट्याऐवजीं साखळी असते. त्यांस हें विवेचन लागू नाहीं.

जुनी नोंद पाहिल्याशिवाय फेरफार करूं नये, हाच न्याय येथें लावावा. आवाज पूर्वीं होता काय? तो थंड एंजिनांत येतो कीं तापल्यावर? वेगाबरोबर वाढतो काय? हें आधीं ठरवावें.

नंतर बाहेरचा, म्हणजे अल्टरनेटरचा पट्टा तपासावा. टायमिंग बेल्ट बदलतांना तो काढावाच लागतो. चीं-चीं असा आवाज असल्यास त्यावर पाण्याचे चार थेंब टाकावे. आवाज क्षणभर बदलला तर दोष त्याचाच. शंका राहिल्यास तो काढून एंजिन अर्धा मिनिटच चालवावें. अधिक नको, कारण कित्येक एंजिनांत वॉटर पंपही त्यावरच चालतो.

आवाज तरीही राहिला, तर पुढील खुणा पाहाव्या :

१. वेगाबरोबर चढणारा सूं-सूं असा सूर : पट्टा फाजील ताणलेला.
२. फटफट : पट्टा सैल, किंवा झांकणास लागत आहे.
३. जात्यासारखी घरघर : टेन्शनरचें अथवा पंपाचें बेअरिंग झिजलेलें. लांब पेचकसाचें टोंक जवळच्या स्थिर भागावर व मूठ कानाशीं धरल्यास जागा कळते. पंचा, बाही फिरत्या पट्ट्यापासून दूर ठेवावी.
४. मंद टिक्-टिक् : बहुधा झडपांच्या अंतराचा दोष; पट्ट्याचा नव्हे.
५. ठोके, उलट फटाके व जोर कमी : पट्टा दांत चुकून बसला असण्याचा संभव. एंजिन तत्काळ बंद करावें, कारण पुष्कळ एंजिनांत झडपा पिस्टनवर आदळून वांकतात.

शेवटच्या प्रसंगीं मिस्त्रीकडून स्पार्क प्लग काढवून, क्रँकशाफ्ट पान्यानें, चालत्या दिशेनें, दोन पूर्ण फेरे फिरवून घ्यावा. दोन्ही चाकांच्या खुणा जुळल्या पाहिजेत. मध्येंच अडखळल्यास जोर करूं नये. आवाज थांबावा म्हणून दांतेरी पट्ट्यास तेल तर कधींच लावूं नये; तेलानें रबर कुजतें.

दुरुस्तीनंतर मोटार रिकामी कणकवलीपर्यंत नेऊन आणावी, आणि मगच पेट्या भराव्या. एक खेप उशिरां गेल्यानें होणारा तोटा भरून निघतो. वांकलेल्या झडपांचा खर्च साऱ्या हंगामाचा नफा खाऊन टाकतो.