सही करण्यापूर्वी, भांडण्यापूर्वी

उपचारात हयगय झाल्याची शंका आली की नातेवाइकांचा आवाज चढतो. ग्राहक आयोगापुढे तोलले जातात ते केस पेपर. म्हणून पेशंट ॲडमिट असल्यापासूनच ही पथ्ये पाळावीत.

काय करावे

• संमतीपत्र वाचूनच सही करावी. ‘इथे, इथे आणि मागच्या पानावर’ असे म्हणत फॉर्म पुढे सरकवला, तरी थांबावे. ऑपरेशनचे नाव, धोके, भुलीचा प्रकार हे रकाने कोरे असतील तर आधी भरून घ्यावेत. सहीखाली तारीख आणि वेळ घालावी. तपासणीपुरती दिलेली संमती ऑपरेशनला चालत नाही. जिवावर बेतले असेल तरच अपवाद. समीरा कोहली खटल्यात (२००८) सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे.

• केस पेपर लेखी अर्ज करून मागावेत. डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नये. ऑपरेशनची टिपणे, भुलीची नोंद, नर्सिंग चार्ट असे नाव घालून मागावे आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. डॉक्टरांच्या आचारसंहितेनुसार ७२ तासांत कागद द्यावे लागतात.

• मृत्यूबद्दल संशय असेल तर अंत्यसंस्कारापूर्वी पोलिसांना लेखी कळवून शवविच्छेदन मागावे. नंतर मृत्यूचे कारण सिद्ध करणे फार अवघड जाते.

• तक्रारीआधी त्याच विषयातल्या दुसऱ्या तज्ज्ञाला कागद दाखवावेत. गुंतागुंत झाली म्हणजे हलगर्जीपणा झालाच, असे नसते.

• रुग्णालय धर्मादाय आहे का, हे दाखल होतानाच विचारावे. तिथे १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत राखीव असतात. रेशनकार्ड किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जवळ ठेवावा.

काय टाळावे

• तोडफोड, धक्काबुक्की करू नये. महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे, शिवाय नुकसानीची दुप्पट भरपाई. तुमची रास्त तक्रार बाजूला पडते आणि आरोपी तुम्हीच होता.

• भरपाईसाठी पोलीस ठाणे गाठू नये. जेकब मॅथ्यू निकालानुसार (२००५) फौजदारी कारवाईला घोर निष्काळजीपणा लागतो. भरपाई ग्राहक आयोगाकडे मागावी. डॉक्टरांच्या वर्तनाची तक्रार महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे न्यावी.

• ‘स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहोत’ असे घाईत लिहून देऊ नये. खाट नाही किंवा पैसे संपले म्हणून हलवत असाल, तर तेच कारण कागदावर उतरवावे.

• बिल थकले म्हणून मृतदेह अडवला, तर गप्प बसू नये. राज्याच्या २०२१ च्या नियमांनी त्याला मनाई केली आहे.

• मूळ कागद कोणाच्याही हाती देऊ नयेत; झेरॉक्स द्यावी.

• ‘आधी दुःखातून सावरू’ म्हणत मुदत घालवू नये. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत आयोगाकडे जावे लागते. बिल पाच लाखांपर्यंत असेल तर दाखल करायला शुल्कही नाही. मात्र जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात, त्या रुग्णालयाविरुद्ध ही वाट बंद आहे. तिथे दिवाणी न्यायालय गाठावे लागते.