मावशीचं पत्र : बुधी कोणती?

चि. शुभदा,


तुझ्या आईकडून कळलं, लॅबमध्ये नवं सॉफ्टवेअर आलं आणि आठवड्यातच तू रजिस्टर कपाटात टाकलंस. वर म्हणालीस, 'आता चूक व्हायचीच नाही.' रजिस्टरचं काही नाही गं, त्या वाक्याने माझी झोप उडाली. सॉफ्टवेअर सी-डॅकचं ई-सुश्रुत असो की दुसरं काही, बारकोड ट्यूबला नंबराशी जोडतो. नंबर माणसाशी तूच जोडतेस, सुई टोचण्याआधीच्या त्या अर्ध्या मिनिटात. बहुतेक चुका सॅम्पल मशीनपर्यंत पोचण्याआधीच होऊन बसतात. त्यात डहाणू-तलासरीत वारावरून ठेवलेली नावं! एका पाड्यावर दोन बुध्या, आडनाव एकच, वय अंदाजे. 'तू बुधी ना?' म्हटलं की समोरची मान हलवणारच. नाव तिच्या तोंडून येऊ दे. बापाचं किंवा नवऱ्याचं नाव आणि पाडाही विचार.

सिकलसेलचंच बघ. २०२३च्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी ठरली. सोल्युबिलिटी चाचणीत वाहक कोण, रुग्ण कोण हे कळत नाही. पक्क्या निदानासाठी सॅम्पल एचपीएलसी चाचणीला जातं ते लेबलाच्या भरवशावर. नवरा-बायको दोघं वाहक असले, तर दर गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. रजिस्टरातली चूक निदान त्या पानावर पडून राहायची. सॉफ्टवेअरमधली चूक त्या बुधीच्या मागे लग्नापर्यंत जाईल. मग रजिस्टरच बरं होतं का? मुळीच नाही. दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेलं कुटुंब पावसाच्या तोंडावर परततं, तोवर कागद कुठला टिकायला? त्यांचा जुना रिपोर्ट क्षणात सापडतो, हे मोठंच काम आहे. दोन्हीकडे लिहायला माणसं नाहीत म्हणशील, तेही खरं. म्हणून रजिस्टरात फक्त सिकलसेल आणि रक्तगट लिही, महिना-दोन महिने, ताळा जुळेपर्यंत. वीज गेली की (पावसात जातेच) तेच पान कामी येईल.

फार बोलले. आम्हीही सुवाच्य अक्षरालाच अचूकपणा समजलो, दोनदा नाव विचारायला संकोचलो. त्याची चुटपुट अजून आहे. तू छापील अक्षराला भुललीस, घराणं एकच! रांगेपायी तुझा डबा तसाच परत येतो म्हणे. बुधी कोणती ते नक्की कर आणि जेव बाई वेळेवर. रविवारी सुट्टी मिळाली तर ये. घोलवडचे चिकू नकोत, नुसती ये.

तुझी,
मावशी