मालदीव: एका दिवसापुरती चैन

१. राहायचं गावात, चैन करायची रिसॉर्टवर. मालदीवमध्ये १९७२ साली कुरुंबा हे पहिलं रिसॉर्ट सुरू झालं, तेव्हापासून पर्यटकांची बेटं वेगळी आणि गावांची वेगळी. गावांत गेस्टहाउसं आली ती फार उशिरा. आता मालेच्या दक्षिणेला माफुशीत खोली घ्यायची आणि डे पास काढून जवळचं एखादं रिसॉर्ट पाहून यायचं, हे सहज जमतं. तिथल्या एका रात्रीचा दर ऐकून नवरा नुसता हसला होता.

२. पासात काय काय येतं, ते खोदून विचारा. बोट, जेवण, पेयं, टॉवेल, स्नॉर्केलिंगचा मास्क, आणि कर धरून की वगळून? घड्याळाचंही विचारा. माले आपल्यापेक्षा अर्धा तास मागे. पण पाहुण्यांना संध्याकाळचा उजेड जास्त मिळावा म्हणून बरीच रिसॉर्ट स्वतःचं घड्याळ मालेच्या एक तास पुढे ठेवतात. परतीची बोट यातल्या कुठल्या वेळेने सुटते, ते सकाळीच पक्कं करा.

३. पूर्ण बाह्यांचा टीशर्ट घालूनच पाण्यात उतरा. तोंड पाण्यात, पाठ उन्हात, आणि विषुववृत्त हाकेच्या अंतरावर.

४. प्रवाळावर पाय ठेवू नका. दिसतो दगड, पण असतो जिवंत. २०१६ साली समुद्र तापला आणि इथली कितीतरी प्रवाळं पांढरी पडली, त्यातली बरीच मेली. पोपटमासे प्रवाळ कुरतडतात आणि त्याची भुकटी विष्ठेतून बाहेर टाकतात. इथल्या पांढऱ्या वाळूचा मोठा वाटा त्यांचाच. हे कळल्यावर आमच्या साहेबांनी जेवणाआधी तीनदा हात धुतले. ही वाळू, प्रवाळ देशाबाहेर नेणं मात्र गुन्हा आहे.

५. रिसॉर्टवर दारू चालते, गावात बंदी. पोहण्याचे तोकडे कपडेही गावात फक्त बिकिनी बीचवर. परतीच्या बोटीत बसण्याआधीच अंगभर कपडे चढवा.

६. जोडीने गेलो म्हणून दिवसभर जोडीनेच फिरायचं, असं काही नाही. तो झोपाळ्यात पुस्तक घेऊन पडला, मी पाण्यात. जेवताना दोघांकडेही सांगायला काहीतरी होतं.

७. बुफेत पोटाला तडस लागेपर्यंत खाऊ नका. इटालियन, चिनी सगळं असतं, पण मासहुनी गावातलीच खावी: ट्यूना, ओलं खोबरं, कांदा, मिरची, वर लिंबू, सोबत पोळीसारखी गरम रोशी. ती न्याहारीला मिळते. उशिरा उठलात तर संपते.